आधी तहान, मग सहल: मुंबईतल्या जंगलाची पार्श्वभूमी

दिवाळी उरकून हवेत जरा गारवा आला की बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटवर सकाळी सकाळी दुर्बिणी गळ्यात अडकवलेली मंडळी दिसू लागतात. पावसाळ्यातली गर्दी धबधब्यांसाठी असते, ही वेगळी. वाटा वाळलेल्या असतात, पानझड सुरू झालेली असते, त्यामुळे पक्षी दिसायला सोपे जातात. उत्तरेकडून धोबी आणि थिरथिरे आलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर फुलली की तिच्यावर भोरड्या तुटून पडतात.

पण जिथे चाळीच्या मागच्या गल्लीलाही भाव आहे, त्या शहरात सुमारे 103 चौरस किलोमीटर जंगल उरलंच कसं? निसर्गप्रेमाला याचं श्रेय देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या मते त्याचा वाटा फार उशिरा आणि फार थोडा. हे जंगल वाचलं ते मुंबईच्या तहानेमुळे.

1845 च्या सुमारास शहरात पाण्यावरून ओरड सुरू झाली होती. विहिरी आणि टाक्यांवर भागेना. 1854 साली टंचाई इतकी वाढली की गुरं शहराबाहेर माहीमला हलवावी लागली. मुंबईच्या उत्तरेकडच्या साष्टी बेटावरच्या डोंगरांतलं पाणी अडवायचा निर्णय झाला, 1856 मध्ये विहार तलावाचं काम सुरू झालं आणि 1860 मध्ये मुंबईला नळाचं पाणी मिळालं. ते पुरेना म्हणून 1879 पर्यंत तुळशी तलाव बांधून झाला. तलाव बांधला की त्याच्या भोवतालचा डोंगरही ताब्यात ठेवावा लागतो. तिथे वस्ती, गुरं, तोड झाली तर पाणी नासतं आणि गाळ भरतो. म्हणून पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी तलावात उतरतं तो भाग, बंद केला गेला. आज मुंबईच्या सात तलावांच्या साठ्यात विहार आणि तुळशी मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास भरतात, पण त्यांच्याभोवती आखलेली ती रेघ अजून जंगल सांभाळते आहे.

याच डोंगरात पाणी अडवणारे इंग्रज काही पहिले नव्हेत. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि त्यांच्या दाराशी खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाक्या. पावसाचं पाणी पन्हळींतून त्यांत उतरवण्याची ती सोय अभियंत्यांनीही जाऊन बघावी.

राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट विसाव्या शतकातली. कृष्णगिरी उपवन या नावाने कान्हेरीजवळच्या लहानशा क्षेत्रापासून सुरुवात झाली. पुढे विहार-तुळशीचा पाणलोट आणि ठाण्याकडचं येऊरचं रान जोडलं गेलं. बोरिवली राष्ट्रीय उद्यान हे नाव आधी पडलं, संजय गांधींचं नाव ऐंशीच्या दशकात लागलं. बोरिवलीकर आजही ‘नॅशनल पार्क’च म्हणतात.

मग रानात जाण्याची हौस कधी आली? ती आली बंदुकीसह. 1883 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या मंडळींत शिकारी बरेच होते, आणि सलीम अलींचा पक्ष्यांशी संबंध जुळला तोही लहानपणी एअरगनने मारलेल्या चिमणीमुळे. विहार तलावाजवळ वाघ मारला गेल्याची नोंद 1929 च्या जानेवारीतली आहे. थंडीत रानात जायचं ते असं. दुर्बिणीने बंदुकीची जागा घ्यायला पुढे काही दशकं गेली.

आरेचा इतिहास मात्र दुधाचा आहे, आणि तिथेच घोळ झाला. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढण्यासाठी 1949 मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे दूध वसाहत उभी राहिली. उद्यानाला लागून असलेली ही झाडी आणि गवताळ कुरणं कागदावर दुग्धविकासाकडे गेली, जंगल म्हणून त्यांची गणनाच झाली नाही. पाड्यांवरच्या वारल्यांना अशा कागदी नोंदीची गरज नव्हती. ते वाघोबाला पूजतात, दिवाळीच्या तोंडावर येणारी वाघबारस त्यांच्यासाठी या रानाच्या मालकाचा सण. सरकारी दप्तरात मात्र ‘वन’ हा शब्द नसल्यामुळे इथल्या जमिनीचे तुकडे फिल्मसिटीपासून इतर अनेक कामांना जात राहिले. मेट्रोच्या कारशेडचा वाद त्याचंच पुढचं टोक. 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 तारखेला ती थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. नंतर आरेतली 812 एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. त्याआधी 2016 च्या डिसेंबरमध्ये उद्यानाभोवती पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना निघाली होती.

खाडीकिनाऱ्याचं रक्षण आणखी उशिराचं. शिवडीच्या चिखलावर फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागले ते नव्वदच्या दशकात. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली, 2015 मध्ये ठाणे खाडी अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हा दर्जा मिळाला.

बिबट्याचा धडा महाग पडला. 2004 च्या सुमारास उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत हल्ल्यांनी हाहाकार उडाला. पिंजरे लावून बिबटे पकडणं हा तेव्हाचा उपाय, आणि तो फसला: रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा बिबट्या येतोच. 2011 पासून वन खात्याने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (संजय गांधी नॅशनल पार्क) या उपक्रमातून उलट बाजूने सुरुवात केली. कचरा उचला, म्हणजे बिबट्याला वस्तीकडे ओढणारी कुत्री कमी होतील. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका. थंडीत साडेसहालाच अंधारतं, तेव्हा आरेतल्या रस्त्यांवर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांनाही हे लागू आहे.

हिवाळ्याचा खरा धोका मात्र वणव्याचा. डिसेंबरपासून गवत वाळतं. कारवी हे इथलं झुडूप सात वर्षं वाढून आठव्या वर्षी फुलतं आणि मरतं. 2016 आणि 2024 चा फुलोरा बघायला लोक लोटले, पण नंतर डोंगरभर उभ्या राहिलेल्या वाळक्या काठ्या हे आयतं जळण आहे हे कमी लोकांच्या लक्षात आलं. 2018 च्या डिसेंबरमध्ये गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या बाजूचा डोंगर रात्रभर पेटलेला आसपासच्या इमारतींतून दिसत होता. असल्या चढावर बंब पोचत नाहीत. ओल्या फांद्यांनी झोडपूनच आग विझवावी लागते. म्हणून वन खातं थंडीत जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचे पट्टे आधीच कापून किंवा जाळून टाकतं, जेणेकरून आग पलीकडे उडी मारणार नाही. महाशिवरात्रीला कान्हेरीकडे गर्दी लोटते तेव्हा रान सगळ्यात कोरडं असतं, आणि गेटवर काडेपेटी, सिगारेट काढून ठेवायला सांगितल्यावर हुज्जत घालणारे दरवर्षी भेटतात.