अवकाशातील कचरा

पृथ्वीभोवती फिरत राहिलेल्या, पण आता कसल्याच उपयोगाच्या न उरलेल्या मानवनिर्मित वस्तूंना अवकाशातील कचरा म्हणतात. बंद पडलेले उपग्रह, रॉकेटचे रिकामे टप्पे आणि स्फोटांत वा टकरींत उडालेले तुकडे त्यात येतात. १ सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे दहा लाखांवर असावेत, असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे. नियमित माग ठेवता येतो तो मात्र सुमारे ४० हजार वस्तूंचाच.

१० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर सुमारे ७९० किमी उंचीवर ‘इरिडियम-३३’ हा चालू दळणवळण उपग्रह आणि ‘कॉसमॉस-२२५१’ हा रशियाचा निकामी उपग्रह एकमेकांवर आदळले. सापेक्ष वेग सेकंदाला ११ किमीहून अधिक होता. दोन्हींचा चुरा होऊन माग काढण्याजोगे दोन हजारांवर तुकडे झाले. टकरीतून तुकडे आणि तुकड्यांतून पुन्हा टकरी, ही साखळी नासाचे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्येच मांडली होती.

कचरा किती काळ टिकणार, हे उंचीवर ठरते. चीनने २००७ मध्ये ‘फेंग्युन-१सी’ हा स्वतःचाच उपग्रह सुमारे ८६५ किमीवर क्षेपणास्त्राने फोडला. तिथे वेग कमी करून खाली आणणारा हवेचा अवरोध नगण्य असल्याने त्याचे पुष्कळ तुकडे अजून फिरत आहेत. भारताची २०१९ ची चाचणी ३०० किमीच्या आसपास झाली, म्हणून बहुतेक तुकडे लवकर जळाले. काही वरही उडालेच. भारताचा त्याआधीचा वाटा कमी बोलला जातो: डिसेंबर २००१ मध्ये पीएसएलव्ही-सी३ चा शेवटचा टप्पा कक्षेत फुटून तीनशेवर तुकडे झाले. पुढे इस्रोने उरलेले इंधन सोडून देऊन टप्पा निर्धोक करायला सुरुवात केली.

खाली येणारे सगळेच जळून जाते असेही नाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आकाशात जळते पट्टे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची मोठी रिंग पडली. ती चिनी रॉकेटची असावी, असे मानले जाते.

सफाई म्हटली की जाळी आणि भाल्यांची चर्चा होते. त्यांच्या चाचण्या २०१८-१९ मध्ये ‘रिमूव्हडेब्री’ या प्रायोगिक उपग्रहाने केल्या. पण बारीक तुकडे वेचणे आज अशक्यप्राय आहे. उद्या हजारो तुकडे होऊ शकतील असे अवजड सांगाडे आधी उतरवणे हेच शहाणपणाचे. जपानच्या ‘ॲस्ट्रोस्केल’ कंपनीचे ‘अ‍ॅड्रास-जे’ हे यान २०२४ मध्ये एच-२ए रॉकेटच्या सुमारे ११ मीटर लांब टप्प्याजवळ १५ मीटरपर्यंत पोहोचले. तो टप्पा स्वतःचा ठावठिकाणा कळवत नाही आणि त्याला धरायला कडीही नाही, म्हणून नुसते जवळ जाणेही अवघड. त्याला पकडून खाली आणणे हे पुढच्या यानाचे काम आहे.

याहून सोपे म्हणजे कचरा मागे न ठेवणे. जानेवारी २०२४ मध्ये उडालेल्या पीएसएलव्ही-सी५८ चा चौथा टप्पा ६५० वरून ३५० किमीवर आणला गेला, ‘पोएम-३’ नावाचा प्रयोगमंच म्हणून त्यावर प्रयोग झाले आणि २१ मार्चला तो वातावरणात शिरला. जुन्या कचऱ्यात मात्र कायदाही आडवा येतो. १९६७ च्या अवकाश करारानुसार निकामी वस्तूवरही मूळ मालकाचा हक्क राहतो, त्यामुळे परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. शिवाय मेलेला उपग्रह पकडणारा यांत्रिक हात चालू उपग्रहही पकडू शकतो, ही शंका लष्करांना असतेच.