जाफरी गुंडीचा रंग खराच आहे

सुकलेली जाफरी गुंडी पाण्यात टाकली की पाणी गुलाबी होतं. नाशिकमध्ये कितीतरी घरांच्या कुंड्यांत हे झाड आहे, रोपवाटिकांत ते ‘गोम्फ्रेना’ म्हणून मिळतं. तरीही दिवाळीत माळा घेताना “फुलं रंगवलेली असतात, ओली करून बघा” असा सल्ला ऐकू येतोच. पाणी रंगतं हे खरं. पण त्यावरून फूल रंगवलेलं आहे असं मुळीच ठरत नाही.

आपण ज्याला फूल म्हणतो तो गोल गेंद म्हणजे अनेक इवल्या फुलांचा घोस. खरी फुलं पिवळट टोकांसारखी बाहेर डोकावतात. जांभळा रंग असतो तो त्यांना वेढणाऱ्या छदांचा, म्हणजे फुलाबुडच्या पानासारख्या भागांचा. बोगनवेलीतही रंगीत भाग छदांचाच असतो. गुंडीची छदं झाडावर असतानाच कागदासारखी कोरडी असतात, त्यात कोमेजण्याइतकं पाणीच नसतं. म्हणून तर नेपाळात भाऊबीजेला भावाच्या गळ्यात याच फुलांची माळ घालतात. तिथे तिला मखमली म्हणतात.

पण आकार टिकणं वेगळं आणि रंग टिकणं वेगळं. लाल जास्वंद सुकली की काळपट होते, गुंडी मात्र महिनोन्‌महिने जांभळी राहते. मला या झाडाचं वेड लागलं ते इथे.

नाशिककरांच्या ओळखीचे बहुतेक लाल-जांभळे रंग एकाच कुळातले आहेत: काळी द्राक्षं, लासलगावच्या लाल कांद्याची साल, जांभूळ, जास्वंद. या सगळ्यांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं. गुंडीत ते नाही. तिच्यात बीटालेन हे वेगळंच रंगद्रव्य असतं. तेच बीटात, गुलबक्षीत, लाल माठात, कोंबड्याच्या फुलात आणि बोगनवेलीत. आजवर एकाही वनस्पतीत हे दोन्ही रंग नैसर्गिकरीत्या एकत्र सापडलेले नाहीत. फुलझाडांच्या एकाच गणातल्या बऱ्याच कुळांनी अँथोसायनिनचा मार्ग सोडून बीटालेनचा धरला, आणि गुंडीचं राजगिऱ्याचं कुळ त्यातलंच.

दोन्ही मार्ग अमिनो आम्लांपासून सुरू होतात, पण फाटा पहिल्याच पावलाला फुटतो. अँथोसायनिनची सुरुवात फेनिलअ‍ॅलनीनपासून होते आणि त्यातला नायट्रोजन लगेच गळून जातो. बीटालेनची सुरुवात टायरोसिनपासून होते. टायरोसिनचं डोपा नावाचं दुसरं अमिनो आम्ल बनतं. आपल्या केसांचा काळा रंग, मेलॅनिन, हाही टायरोसिनपासून डोपाच्याच वाटेने तयार होतो. झाडात मात्र पुढे एक विकर (एन्झाइम) काही डोपा रेणूंची कडी फोडतं आणि बीटालामिक आम्ल हा पिवळा रेणू मिळतो. दुसऱ्या काही डोपा रेणूंपासून सायक्लोडोपा बनतं. या दोघांची गाठ पडायला विकरही लागत नाही. ते आपसूक जोडले जातात आणि गडद किरमिजी बीटानिडिन तयार होतं. त्यावर पाचव्या जागी ग्लुकोज बसला तर बीटाचं बीटानिन, सहाव्या जागी बसला तर गोम्फ्रेनिन. या रंगद्रव्याला नावच आपल्या गुंडीच्या प्रजातीवरून मिळालं आहे. बीटालामिक आम्लाला सायक्लोडोपाऐवजी साधं अमिनो आम्ल भेटलं, तर रंग पिवळा किंवा नारिंगी होतो.

साखर जोडलेला हा रेणू पाण्यात सहज विरघळतो. ओल्या बोटाला रंग लागतो तो त्यामुळेच. परीक्षा करायचीच तर वेगळी करा. जास्वंदीचा रस लिंबाने लाल होतो आणि खायच्या सोड्याने निळा-हिरवा. गुंडीच्या पाण्यात लिंबाने फारसा फरक पडत नाही. चुन्याच्या निवळीत मात्र ते पिवळट होत जातं, कारण तीव्र अल्कलीत जोडलेले दोन भाग पुन्हा सुटतात. बराच वेळ उकळलं तरी रंग उडतो.

बीट लाल म्हणून ते रक्त वाढवतं, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. बीटानिनमध्ये लोहाचा एक अणूही नाही. त्याचा आणि हिमोग्लोबिनचा लाल हा निव्वळ दृष्टीला पडलेला योगायोग आहे. रक्तक्षय असेल तर तपासणी करून औषध घ्यावं. गुंडीच्या फुलांचा चहा मधुमेहापासून दम्यापर्यंत सगळं बरं करतो, असे दावेही फॉरवर्ड करू नयेत. परीक्षानळीत एखादा अर्क ऑक्सिडीकरण रोखतो, एवढ्यावरून तो औषध ठरत नाही.

झाड लावायला सोपं आहे. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं, आणि ऊस-ज्वारीप्रमाणे सी-४ पद्धतीने अन्न बनवणारं, त्यामुळे कडक उन्हात खुलतं. बियांवर लोकर असते. रात्रभर भिजवून मे-जूनमध्ये ट्रेमध्ये पेरावं, साधारण दोन आठवड्यांत उगवतं. काळ्या जमिनीत पाणी साचतं, तिथे वाळू आणि शेणखत घालून वाफा उंच करावा. दोन रोपांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावं आणि शेंडा एकदा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. युरिया टाळा, नाहीतर पानंच माजतात. निफाडकडची थंडी कडक झाली की हे झाड संपतं.

सुकवण्यासाठी गेंद पूर्ण भरल्यावर दांड्यासकट कापून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटे टांगावेत. उन्हात वाळवले तर प्रकाशाने बीटालेन मोडतं आणि फुलं फिकी पडतात. चार-दोन गेंद झाडावरच बुडाशी तपकिरी होईपर्यंत राहू द्यावेत. पुढच्या मे महिन्याचं बी त्यांतच भरतं. माळेसाठी लवकर कापलेल्या फुलांत ते बहुधा अपक्वच राहतं.