सीलिंग टाइलवरचं डिजिटल प्रिंटिंग

फॉल्स सीलिंगच्या ग्रिडमध्ये ज्या चौकोनी टाइल्स बसवतात त्यांच्यावर आपल्याला हवा तो फोटो किंवा डिझाइन छापून घेणं म्हणजे सीलिंग टाइलवरचं डिजिटल प्रिंटिंग. प्रत्येक टाइलवर वेगळं चित्र असू शकतं किंवा नऊ-बारा टाइल्स मिळून एकच मोठं. सगळ्यात जास्त छापतात ते निळं आकाश, ढग आणि कडेने आत डोकावणाऱ्या झाडांच्या फांद्या. डेंटिस्टची खुर्ची, एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या खोल्या, लहान मुलांचे वॉर्ड अशा ठिकाणी हे काम जास्त असतं, कारण तिथला माणूस उताणा पडलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर छताशिवाय दुसरं काहीच नसतं. पडल्या पडल्या टाइलवरची भोकं ज्याने मोजलीयत त्याला हे वेगळं सांगायला नको.

छतावर आकाश काढायची हौस जुनीच आहे. इटलीत मान्तुआच्या राजवाड्यात आंद्रेआ मान्तेन्याने १४७४ पर्यंत रंगवून संपवलेल्या एका खोलीच्या छताला गोल झरोका आहे, म्हणजे नुसता रंगवलेला, पण त्यातून आकाश दिसतं आणि कठड्यावरून माणसं खाली वाकून बघतायत असं वाटतं. हॉस्पिटलवाले मात्र वेगळा दाखला देतात, संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या पेशंटना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलरही कमी लागले. तो अभ्यास खऱ्या खिडकीचा होता, छापील चित्राचा नाही, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

छपाई बहुतेक वेळा यूव्ही (अतिनील किरणांच्या) फ्लॅटबेड प्रिंटरवर होते. टाइल सपाट ठेवायची, प्रिंटहेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, तिच्यापासून अगदी एक-दोन मिलिमीटरवरून फिरतं आणि शाई पडल्या पडल्या यूव्ही दिव्याखाली घट्ट होते, त्यामुळे ती आत फारशी झिरपत नाही. टाइल ओलीने थोडी जरी वाकलेली असली तर हेड घासतं, आणि मिनरल फायबरच्या टाइलची भुकटी हेडच्या बारीक भोकांत, म्हणजे नोझलमध्ये, गेली की चित्रात पांढऱ्या रेघा येतात, म्हणून आधी टाइल नीट झटकून घेणं फार महत्त्वाचं. धातूच्या टाइलवर सब्लिमेशननेही, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून ती पृष्ठभागात उतरवूनही, छापता येतं. दुसरा प्रकार एलईडी पॅनलसमोर लावायच्या अर्धपारदर्शक शीटचा, आणि आकाश खरं वाटायला हवं असेल तर माझ्या मते हाच चांगला, कारण आकाशातून उजेड यायला हवा. फक्त मागचा दिवा ५००० ते ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) घ्यावा, ३००० वाला पिवळा दिवा लावला की ढग मळकट दिसतात.

फाइलबद्दल लोक उगाच घाबरतात. छत डोळ्यांपासून लांब असतं त्यामुळे १०० डीपीआय, म्हणजे इंचाला १०० ठिपके, बऱ्याचदा पुरतो. दोन फुटी टाइलला २४०० बाय २४०० पिक्सेल, म्हणजे तीन बाय तीन टाइल्सच्या चित्राला साधारण ५२ मेगापिक्सेल.

खरी गफलत मांडणीत होते. उताणं झोपून वर बघताना डावं-उजवं जमिनीच्या नकाशाच्या उलट येतं, ताऱ्यांच्या नकाशात पूर्व डावीकडे असते ना, अगदी तसंच. प्लॅन टेबलावर ठेवून टाइल्सना नंबर दिले की वर गेल्यावर चित्राचे तुकडे जुळत नाहीत. सोपा उपाय म्हणजे चित्राची छोटी प्रिंट तोंड खाली करून डोक्यावर धरायची, पेशंटचं डोकं ज्या बाजूला असणार तिकडे आपलं डोकं करायचं आणि तशी बघतच नंबर द्यायचे. दुसरं म्हणजे ग्रिडची पट्टी. मॉड्यूल, म्हणजे ग्रिडचा एक चौकोन, ६०० मिलिमीटरचं आणि पट्टी नेहमीची २४ ची असली तर दिसायला ५७६ च उरतात. चित्र ६०० च्याच हिशोबाने कापावं आणि पट्टीमागचा भाग खुशाल झाकू द्यावा, खिडकीच्या गजामागचं झाड आपण मनात जोडून घेतोच. तो झाकला जाणारा भाग वाचवायला चित्र आत दाबलं तर फांदी पट्टीपाशी तुटून सरकल्यासारखी दिसते. चेहरा किंवा अक्षरं मात्र जोडावर येऊ देऊ नयेत. फोटोही खालून वर बघत काढलेलाच हवा, समोरचं क्षितिज असलेला डोंगर डोक्यावर टांगला की पडलेल्या माणसाला गरगरतं.

आवाज शोषणाऱ्या टाइलवर शाईचा जाड थर दिला की तिची भोकं बुजतात आणि खोली घुमायला लागते. आगीचं रेटिंगही कोऱ्या टाइलचं असतं, छापल्यानंतरचं वेगळं विचारून घ्यावं. पुसायचं तर कोरड्या मऊ फडक्यानेच.

आणि प्रत्येक टाइलच्या पाठीवर नंबर आणि दिशेचा बाण मार्करने काढून ठेवावा, कारण पुढे कधीतरी एसी किंवा वायरिंगवाला माणूस चार टाइल्स काढतो, घाईत परत बसवतो आणि ढगाचा कोपरा झाडाच्या बुंध्यात जाऊन बसतो.