पहाटेचा धूमकेतू आणि पत्रिकेतला केतू

2024 च्या पितृपक्षातले शेवटचे काही दिवस सूर्योदयाआधी पूर्वेला धूमकेतू होता. त्सुचिनशान-अ‍ॅटलास हे नाव कोल्हापुरात कुणाच्या तोंडी बसले नाही. ‘केतू आलाय, तोही पक्षपंधरवड्यात’ एवढेच फिरले. हा घोळ जुना आहे.

पत्रिकेतला केतू ही वस्तूच नव्हे. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला दोन जागी छेदते; एक बिंदू राहू, दुसरा केतू. तो आज कुठे आहे हे कुठलेही पंचांग सांगते. वराहमिहिराच्या जुन्या ज्योतिषग्रंथातले, बृहत्संहितेतले केतू मात्र आकाशात अचानक दिसणारे. कुणी ते 101 मोजतो, कुणी 1000, आणि त्यांचा उदयास्त गणिताने कळत नाही असे तिथे साफ म्हटले आहे. एक निव्वळ गणितातला, दुसरा गणितात न मावणारा. नाव सारखे म्हणून दोघांना एकाच घरात बसवले. (‘धूम्रकेतु’ गणपतीच्या बारा नावांतही आहे. ते म्हणताना कुणी दचकत नाही.) मराठीत शेंडेनक्षत्र हा सरळ शब्द होता, तो मागे पडायला नको होता.

हॅलेचा धूमकेतू 1758 मध्ये वर्तवल्याप्रमाणे परतला आणि ‘गणिताने कळत नाही’ हेही मोडीत निघाले. 1910 च्या मेमध्ये तो पहाटे ठळक दिसला, 1986 मध्ये फिका. मधल्या काळातला खरा देखणा म्हणजे 1965 चा इकेया-सेकी: सूर्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम साडेचार लाख किलोमीटरवरून गेला आणि ऑक्टोबरअखेर पहाटे लांब शेपटी घेऊन उगवला.

2024 ला अमावास्या 2 ऑक्टोबरची, म्हणजे चंद्राचा त्रास नव्हता. त्रास हायवेच्या दिव्यांचा आणि परतीच्या ढगांचा. पन्हाळ्याच्या वाटेवर गाडीचे दिवे विझवून वीसेक मिनिटे थांबलो, तेव्हा ढगांच्या फटीत बोटभर पुसट रेघ सापडली. थेट बघितली की नाहीशी, किंचित बाजूला नजर ठेवली की पुन्हा हजर. मोबाइलमध्ये तीच ठसठशीत. दूधवाल्याचा टेम्पो समोरून आला आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून.

3 तारखेला घटस्थापना. अंबाबाईच्या रांगेत पहाटे माणसे जागीच होती, पण रोषणाईखाली. 12 ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याला, धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे 7 कोटी किलोमीटरवर आला. तोवर तो पहाट सोडून सोने लुटायच्या वेळेला पश्चिमेला गेला होता.