नवरीचा अंबाडा आणि हवेतलं पाणी

मे महिन्यात बडोद्यात सकाळी आठला घातलेले कर्ल अकराच्या मंगलाष्टकांपर्यंत उलगडतात आणि बोल लागतो कर्लिंग रॉडला. खरी खोडी हवेतल्या पाण्याची असते.

केस म्हणजे केराटिन या प्रथिनाच्या लांब साखळ्या. त्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या बंधांपैकी दोन आपल्या कामाचे. गंधकाचे डायसल्फाइड बंध पक्के. ते पाण्याला दाद देत नाहीत. हायड्रोजन बंध मात्र पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि केस वाळले किंवा गार झाले की नव्या जागी पुन्हा जुळतात. रॉडने दिलेलं वळण या दुसऱ्या, कच्च्या बंधांवर उभं असतं. दमट हवेतले पाण्याचे रेणू केसात शिरून तेच बंध सोडवतात. हवा पूर्ण दमट असेल तर केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी धरतो आणि लांबीला दोनेक टक्के वाढतो. याच गुणावर जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक बनवला होता. नवरीच्या डोक्यावर असे लाखभर मापक असतात.

म्हणून केशरचना ठरवताना आधी तारीख बघावी, मग फोटो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत मोकळ्या बटा दिवसभर राहतात. मे-जूनमध्ये खंबातच्या आखाताकडून येणारी हवा त्यांना टिकू देत नाही. तेव्हा अंबाडा, खोपा किंवा वेणी बरी, कारण तिथे केस पीळ, पिना आणि घर्षणाने धरलेले असतात. कपाळावर एखाददुसरी बट हवीच असेल तर ती सोडावी, पण ती सरळ होणार हे धरूनच.

केस आदल्या संध्याकाळी धुवावेत. केसावर कौलांसारखे खवले असतात, त्यांची टोकं खालच्या दिशेला. पिना आणि उलटं विंचरणं म्हणजे बॅककोम्बिंग, दोन्ही या खवल्यांच्या अडकण्यावर चालतं. कंडिशनर खवल्यांवर गुळगुळीत थर चढवतो, म्हणून तो फक्त खालच्या अर्ध्या लांबीला लावावा. तेल राहिलं तरी पिना घसरतात. हळद आणि न्हाण त्याच सकाळी असेल तर डोक्यावरून पाणी घेऊ नये. घरातल्या मोठ्यांना हे आधीच सांगून ठेवावं, ऐनवेळी वाद नको. ओल्या केसांचा अंबाडा घातला तर तो वाळताना केस बारीक होतात आणि बांधणी सैल पडते.

रॉडचं तापमान पातळ किंवा रंगवलेल्या केसांना १५० अंश सेल्सिअस, दाट केसांना १८० अंशांपर्यंत पुरतं. प्रत्येक बट ८ ते १० सेकंद. चुर्र असा आवाज आला तर थांबावं: केसातलं पाणी उकळून आतमध्ये बुडबुडे होतात आणि केस तिथेच तुटतो. बहुतेकांची चूक पुढच्या पायरीवर होते. गरम बट लगेच सोडून विंचरली की बंध सरळ अवस्थेतच जुळतात. ती गुंडाळलेलीच पिनेने डोक्याला लावावी, १५ मिनिटं पूर्ण गार होऊ द्यावी, मग हात लावावा.

अंबाड्याचा पाया म्हणजे मानेवर घट्ट बांधलेली शेपटी. गंगावन जोडायचं तर ते पायाच्या रबराभोवती, मोकळ्या केसांना नव्हे. अंबाडा डोक्याला चिकटून बसवावा. तो जितका मागे निघतो तितका तरफेसारखा कपाळाकडचे केस ओढतो. संध्याकाळची डोकेदुखी बऱ्याचदा त्या ओढीची असते, उपवासाची नव्हे. बॉब पिनची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवावी आणि दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवर अडकवाव्यात. यू पिन आधी बाहेरच्या दिशेने खुपसून थोडे केस पकडावेत, मग उलटवून आत ढकलावी.

रंगीत तालीम तीन आठवडे आधी, तीही मुंडावळ्या बांधून. पुढे पफ काढला असेल तर मुंडावळीचा दोरा त्यातूनच जातो आणि फुगवटा दाबतो. त्यापेक्षा कपाळापासून दोन बोटं जागा चपटी सोडलेली बरी. तालमीनंतर तीन तास तसंच बसावं, वर-खाली बघावं, वाकून नमस्कार करावा. जिथे टोचेल तिथली पिन बदलावी.

स्प्रे २५-३० सेंटिमीटरवरून, पातळ थरांत. त्यातलं अल्कोहोल उडून गेलं की पॉलिमरचा पापुद्रा उरतो आणि तोच केस धरतो. अल्कोहोलची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते, डब्यातला वायूही ज्वलनशील असतो. तेव्हा लाजाहोमाला बसण्याआधी निदान १० मिनिटं स्प्रे बंद, आणि होमाजवळ डबा कुणाच्या पर्समध्येही नको.

गजरा स्प्रे वाळल्यावरच माळावा, नाहीतर पाकळ्या लगेच काळवंडतात. सोन्याचं फूल, गजरा, वेणी सगळं मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघावं. दीडशे ग्रॅमच्या वर गेलं तर काहीतरी कमी करावं. खंडेराव मार्केटमधून मोगरा आणताना मिटलेल्या कळ्यांचाच गजरा मागावा. पहाटे खुडलेली कळी संध्याकाळी उमलते. सकाळच्या मुहूर्ताला ती घट्ट, पांढरी दिसते आणि सुगंध येतो तो रिसेप्शनला.