संथ ट्रॅफिकमध्ये एअर-कूल्ड बाईकचं इंजिन तापमान

रेडिएटर नाही, कूलंट नाही, पंखा पण नाही, हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि ब्लॉक (त्याखालचा सिलिंडर) यांच्या फिनवरून, म्हणजे बाहेर आलेल्या पातळ पट्ट्यांवरून, जाणारा वारा आणि आतलं ऑईल एवढ्यावरच जी गाडी थंड राहते ती एअर-कूल्ड. कास्ट आयर्न बुलेट, येझदी, आरएक्स १००, सीडी १००, जुनी स्प्लेंडर सगळ्या यातल्याच. बुलेटला अँमीटर (बॅटरी चार्ज होतेय का दाखवणारा काटा) होता, पण तापमानाचा काटा यातल्या एकीलाही नव्हता, त्यामुळे गाडी किती तापलीय हे चालवणाऱ्यालाच शोधून काढावं लागतं.

ठाण्यात हा विषय मुख्यतः घोडबंदर रोडचा. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा करत गायमुखपर्यंत कंटेनरच्या मागे फर्स्ट गिअर, हाफ क्लच, थांब, परत फर्स्ट. दुसरी जागा विटाव्याचा रेल्वे पूल. यात इंजिनवर लोड फार नसतो, पण फिनमधून वाराच जात नाही आणि आयडलिंगला ऑईल पंप पण हळू फिरतो, म्हणून तापमान चढतं. तीच गाडी ऐरोली ओलांडून ठाणे-बेलापूर रोडला मोकळी मिळाली की थोड्या वेळात तिचं तापमान उतरतं. दमटपणा आपल्याला छळतो, फिनला त्याचं काही पडलेलं नाही, तिला फक्त वारा पाहिजे.

मोजायच्या पद्धती तीनच. स्पार्क प्लगच्या वॉशरच्या जागी बसणारा रिंग सेन्सर आणि हँडलवर छोटा डिजिटल मीटर, ही सगळ्यात खरी, कारण तापमान थेट हेडचं मिळतं आणि चालू गाडीत मिळतं. फोर-स्ट्रोकला (बुलेट, सीडी १००, स्प्लेंडर) दुसरा पर्याय ऑईलचा, डिपस्टिकच्या (ऑईल मोजायच्या काडीच्या) जागी बसणारा थर्मामीटर, जो दिसायला झकास पण ऑईल सावकाश तापतं म्हणून तो कायम मागून सांगतो. तिसरी इन्फ्रारेड गन, आणि इथे बरेच जण फसतात, कारण चकचकीत अॅल्युमिनियमवर ती खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. प्लगजवळ हीटप्रूफ मॅट काळ्या रंगाचा एक ठिपका मारायचा आणि दरवेळी तिथेच गन धरायची. हेडवर पाण्याचा थेंब टाकून बघणं म्हणजे टाईमपास, धड चालणाऱ्या गाडीचं हेड पण १०० डिग्रीच्या वर असतंच, थेंब चर्रर्र होणारच.

आकडे ढोबळच धरायचे. हेड साधारण १२० ते १८० डिग्री, ऑईल ८० ते ११०, आणि ऑईल १३० च्या वर टिकून राहिलं तर ते पातळ होऊन जीव सोडतं. पण सेन्सर कुठे बसलाय त्यावर आकडा बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीशी तुलना नको. आपल्याच गाडीचा मोकळ्या रस्त्यावरचा आकडा लक्षात ठेवायचा आणि जाममध्ये तो किती वर गेला आणि कुठेतरी थांबतोय का ते बघायचं. चढतच राहिला तर भानगड आहे.

मीटर नसेल तर गाडीच सांगते. न्यूट्रल सापडेनासा होतो, आयडलिंग वरखाली होतं, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज वाढतो, रेस दिली की सिलिंडरमधून टकटक (नॉकिंग) येते. टकटक आली की थांबायचंच, बाकीचं घरी पोचेपर्यंत चालतं.

तापायचं कारण प्रत्येक वेळी ट्रॅफिकच असतं असं नाही. कार्बोरेटर लीन असेल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी देत असेल (प्लग पांढरा दिसतो), टायमिंग मागे गेलं असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, फिनमध्ये चिखल बसला असेल तरी तेच होतं. पावसाळ्यात लेग गार्डला लावलेलं रेक्झिनचं कव्हर ऑक्टोबरपर्यंत तसंच ठेवणारे लोक आहेत, म्हणजे जो काही वारा येणार तोही बंद, आणि वर तक्रार की गाडी तापते.

मोठ्या सिग्नलला गाडी बंद करणं बरोबर. फक्त बंद केल्यावर काही मिनिटं कार्बोरेटर आणि ब्लॉकचा खालचा भाग उलट अजून तापतो, त्यामुळे गरम गाडी लगेच किकला उठली नाही तर चोक ओढायचा नाही, थ्रॉटल थोडा उघडून किक मारायची. पाणी मात्र ओतू नये, कास्ट आयर्नच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो.