घड्याळ, रेडिओ आणि डोक्यावरून जाणारं यान

अंतराळयानांच्या नादी लागलेली माणसं दोन प्रकारची. एक उड्डाणाचं थेट प्रक्षेपण बघतात आणि यान कक्षेत पोचलं की झोपायला जातात. दुसऱ्यांचा खेळ तिथून पुढे सुरू होतो. मला ही दुसरी जमात जास्त आवडते आणि तिचे मूळपुरुष माझ्या मते इंग्लंडमधल्या केटरिंगच्या शाळेत सापडतात.

तिथले भौतिकशास्त्राचे शिक्षक जेफ्री पेरी आणि रसायनशास्त्राचे डेरेक स्लेटर यांनी 1960च्या दशकात शॉर्टवेव्ह रेडिओ लावून मुलांना सोबत घेऊन सोव्हिएत उपग्रह ऐकायला सुरुवात केली. स्थानकातून धडधडत निघून जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळून जाताना एकदम खाली उतरतो, तोच डॉप्लर परिणाम इथेही. यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास धावतं, त्यामुळे 20 मेगाहर्ट्झचा संकेत येताना सुमारे 500 हर्ट्झपर्यंत वर असतो आणि जाताना तितकाच खाली. रेडिओतून ऐकू येणारी शिट्टी आधी जेमतेम बदलते, मग काही सेकंदांत भराभर घसरते. ही घसरण सर्वांत तीव्र होते तो क्षण म्हणजे यान आपल्या सर्वांत जवळ. घड्याळात वेळ टिपायची, पुढच्या फेरीची टिपायची. दोन्हींवरून परिभ्रमणकाळ निघतो आणि त्यावरून कक्षेची सरासरी उंची. महागडं उपकरण लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

मार्च 1966मध्ये कॉसमॉस 112 हा सोव्हिएत उपग्रह निघाला तेव्हा त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल 72 अंश होता. बैकानूर या सोव्हिएत प्रक्षेपणतळावरून सुटणाऱ्या अशा उपग्रहांना 65 किंवा 52 अंशांच्या आसपासचा कल असे. पेरींना खटकलं. पुढच्या काही उड्डाणांचे मार्ग नकाशावर मागे नेले, तर ते उत्तर रशियात प्लेसेट्स्कजवळ एकमेकांना छेदत होते, म्हणजे तिथे एक गुप्त प्रक्षेपणतळ होता. त्याच वर्षअखेरीस केटरिंगकरांनी हे जाहीर केलं. अमेरिकी हेरखात्याला त्या जागेचा पत्ता होता, पण ते गप्प बसलं होतं. सोव्हिएत सरकारने हा तळ असल्याचं कबूल केलं ते 1983मध्ये!

माणसं घेऊन जाणाऱ्या यानांची गंमत आणखी वेगळी, कारण तिथे शिट्टीऐवजी आवाज येतो. सोयुझ या रशियन यानामधलं बोलणं 121.75 मेगाहर्ट्झवर ऐकणारे हौशी लोक जगभर होते. आज आपल्याकडे सोपा मार्ग म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचं हॅम रेडिओ (म्हणजे हौशी लोकांचा रेडिओ) केंद्र, 145.800 मेगाहर्ट्झ. जुलै 2025मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावरून विद्यार्थ्यांशी बोलले तेही हॅम रेडिओवरूनच. ऐकायला हातात धरता येईल असा छोटा यागी अँटेना (एका दिशेला रोखायचा, आडव्या काड्यांचा) आणि एफएम रिसीव्हर पुरतो. बोलायचं असेल तर परवाना हवा. स्थानक उगवताना संकेत साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि मावळताना तितकाच खाली सरकतो, म्हणून मी येताना 145.803 ते 145.805च्या आसपास लावून ठेवतो आणि फेरी जाईल तसा खाली येतो. दहा मिनिटांची चैन असते, त्यात अँटेना फिरवत राहायचं हे वेगळंच.

एक मात्र ध्यानात ठेवा. स्थानकावरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. अंतराळवीर साधारण सहाला उठतात, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून पहाटेच्या सुंदर फेरीला आवाजाची आशा धरू नये. त्यापेक्षा संध्याकाळची फेरी निवडा, आणि तेव्हाही कुणी बोललं नाही तर 145.825वर जा. तिथे यंत्रं एकमेकांना संदेश पाठवतात, त्यांचा खरखराट ऐकू येतो आणि त्याला झोपेची वेळ नसते.